आयर्लंडच्या खेड्यातली कादंबरी: आधी कोणती घ्यावी?

गाव, घर आणि शेजाराची ऊब असलेली आयरिश कादंबरी शोधायला गेलं की बहुतेक मुखपृष्ठं सारखीच दिसतात: हिरवी टेकडी, पांढरं घर, मागे समुद्र. आतला मजकूर मात्र फार वेगवेगळा असतो. पुस्तक निवडण्याआधी स्वतःला एवढंच विचारावं, आपल्याला गोष्ट पुढे सरकायला हवी आहे की गावात नुसतं राहायला मिळालं तरी चालेल?

गोष्टच हवी असेल तर मेव्ह बिन्चीची ‘अ वीक इन विंटर’ (२०१२) घ्या. न्यूयॉर्कहून परतलेली चिकी पश्चिम किनाऱ्यावरच्या स्टोनीब्रिज गावातल्या एका जुन्या मोठ्या घराचं हॉटेल करते. प्रत्येक प्रकरण वेगळ्या माणसाचं असल्यामुळे रोज रात्री एक वाचून संपवता येतं, आणि इंग्रजीही सोपं आहे. पण पाहुणे बाहेरगावचे असल्याने खेडं हळूहळू मागे पडतं आणि बहुतेकांच्या गाठी भराभर सुटतात. निवृत्त मुख्याध्यापिकेची गाठ मात्र सुटत नाही, म्हणून तिचं प्रकरण मला सर्वांत खरं वाटतं.

पॅट्रिक टेलर यांची ‘अ‍ॅन आयरिश कंट्री डॉक्टर’ ही उत्तर आयर्लंडमधली, १९६४ सालची. नवशिका डॉक्टर, तापट पण मायाळू वरिष्ठ, आणि घर चालवणाऱ्या किंकीबाई. शेवटी बोलीतल्या शब्दांचा कोश आणि किंकीबाईंच्या पाककृती दिल्या आहेत. लांबलचक मालिकेतलं हे पहिलं पुस्तक, त्यामुळे आवडलं तर पुढचे काही महिने वाचनाची सोय होते.

नायल विल्यम्स यांची ‘धिस इज हॅपिनेस’ (२०१९) मात्र सवडीने वाचायची. क्लेअर परगण्यातलं फाहा हे कल्पित गाव, १९५८चा ईस्टर, वर्षानुवर्षं पडणारा पाऊस अचानक थांबतो आणि वीज यायला लागते. आयर्लंडमध्ये ग्रामीण विद्युतीकरण १९४६मध्ये सुरू झालं, तरी आडगावांना पुढे बरीच वर्षं वाट पाहावी लागली. विजेच्या कामासाठी आलेला ख्रिस्ती गोष्ट सांगणाऱ्याच्या आजीआजोबांच्या घरी राहतो, पण त्याच्या मनात दुसरंच आहे: जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी लग्नाच्या दिवशी जिला सोडून गेला, तिची माफी मागायची. अनेक जण पहिल्या पन्नास पानांत पुस्तक खाली ठेवतात. सांगणारा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे आणि पारावर बसलेल्या म्हाताऱ्यासारखा आडवळणाने बोलतो. दोन-तीन पानं मोठ्याने वाचा, त्याची लय सापडते. मग गावाचा निरोप घेववत नाही. ‘टाइम ऑफ द चाइल्ड’ (२०२४) याच फाहातली, १९६२च्या नाताळाची. ती स्वतंत्रपणे वाचता येते, पण ‘धिस इज हॅपिनेस’नंतर घेतलेली बरी.

जॉन मॅकगाहर्न यांची ‘दॅट दे मे फेस द रायझिंग सन’ (२००२) तर याहून संथ. तिला प्रकरणंच नाहीत. लंडनहून आलेलं जोडपं, तळ्याकाठचे शेजारी आणि गवतकापणी, गुरांचा बाजार, येणंजाणं यांनी मोजलेलं एक वर्ष. कोण कोणाचा ते पहिल्या तीस पानांत ध्यानात राहत नाही, म्हणून नावं कागदावर टिपून ठेवा. एकमेकांच्या शेतावर राबण्याच्या पद्धतीला आयरिश भाषेत ‘मेहल’ म्हणतात. आपल्याकडची सावड किंवा इर्जिक ठाऊक असलेल्याला हे जग पटकन ओळखीचं वाटेल. पण यात बायकांना छळणारा एक शेजारी आहे आणि अनाथपणी शेतावर जुंपलेला एक गडीही. निव्वळ गोडवा हवा असेल तर हे पुस्तक सध्या नको.

वेळच नसेल तर क्लेअर कीगनची ‘फॉस्टर’ (२०१०). शंभर पानांच्या आतली, एका बैठकीची. गरीब घरातली मुलगी एका उन्हाळ्यापुरती वेक्सफर्डमधल्या नातेवाइकांकडे राहते. तिला आंघोळ घालणं, चालताना हात धरणं, एवढ्यातूनच माया दिसते. शेवट उघडा सोडलेला आहे आणि तो रडवतो. यावरचा आयरिश भाषेतला चित्रपट आधी पाहू नका, मुलीचा आवाज पुस्तकातच ऐकावा.

पाचांपैकी कोणतंही घ्या, हे शब्द लक्षात असू द्या: ‘टर्फ’ म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेलं जळण, ‘प्रेस’ म्हणजे कपाट, ‘गिव्हिंग आउट’ म्हणजे रागावणं, आणि ‘डिनर’ बहुधा दुपारचं जेवण.