हार्ट रेट बेल्ट, नऊ महिने आणि यवतेश्वरचा घाट

जानेवारीत संक्रांतीच्या आठवड्यात हा छातीवर बांधायचा बेल्ट मागवला, आता ऑक्टोबर संपत आलाय. आठवड्यातनं चार दिवस धरले तर दीडशे वेळा तरी बांधला असेल. घेताना बायकांनी लिहिलेला अनुभव खूप शोधला, मला एकही सापडला नाही, आणि बाईनं हा बेल्ट वापरायचा तर प्रश्न वेगळे असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. माझं वय ४२, साताऱ्यात राहते, प्राथमिक शाळेत शिकवते, पाच वर्षं झाली धावतेय. स्पीड फार नाही.

बेल्ट का घेतला ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपली सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते, २१.०९७ किलोमीटर, शहरातनं निघायचं, समर्थ मंदिरावरनं यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावर वळायचं आणि तोच घाट उतरून परत. सप्टेंबर म्हणजे वर धुकं, पाऊस, ओला रस्ता. दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा या रेसमध्ये भाग घेतला आणि घाटातल्या एका वळणावर डोळ्यापुढं अंधारी आली, कठड्यावर बसले ती उठलेच नाही, गाडीतनं खाली आणलं मला. त्याच्या पुढच्या वर्षी पैसे भरले होते, टीशर्टवर लावायचा बिब नंबर पण आणला होता, पण पहाटे उठलेच नाही आणि शाळेत सगळ्यांना ताप होता म्हणून सांगितलं. ताप नव्हता. ते खोटं बोललेलं मला वर्षभर टोचत होतं, म्हणून यंदा ठरवलं की शरीराची आणि मनाची दोन्ही तयारी नीट करायची आणि अंदाजानं काही करायचं नाही.

घड्याळ माझ्याकडं आधीपासनं होतं, मनगटावर पल्स दाखवणारं. पण ते घाटात कायम १६८, १७० दाखवायचं, मग मी घाबरून थांबायचे. बेल्ट बांधल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की तो आकडा पल्सचा नव्हताच, तो माझ्या पावलांचा होता! मनगटाचं घड्याळ हिरवा उजेड पाडून रक्ताचा प्रवाह बघतं, आणि हात हलला, पट्टा सैल असला, थंडीत हात गार पडला की ते चुकतं आणि कधीकधी पावलांचा ठेका पकडून तोच पल्स म्हणून दाखवतं. बेल्ट हृदयाचे विजेचे ठोके थेट पकडतो, ईसीजीसारखं. एकाच चढावर मनगट १७० म्हणत होतं आणि बेल्ट १५२. म्हणजे इतके दिवस मी चुकीच्या आकड्याला घाबरत होते.

आता बांधायचं कसं ते, कारण पहिला महिना मी हैराण झाले होते. इलेक्ट्रोडचे, म्हणजे ठोके पकडणारे, दोन काळे पट्टे बांधायच्या आधी ओले करावे लागतात, नुसत्या पाण्यानं चालतं. कोरडा बांधला तर घाम येईपर्यंत आकडे वाट्टेल तसे उडतात, फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत सिंथेटिक टीशर्ट घासून तर एकदा उभ्या उभ्या २१० दाखवलेला. स्पोर्ट्स ब्राचा खालचा इलास्टिक आणि बेल्ट एकावर एक आले की श्वास अडकल्यासारखं होतं आणि बारा-तेरा किलोमीटरनंतर डाव्या बाजूला कातडी सोलली जाते, अंघोळीला पाणी लागलं की डोळ्यात पाणी यायचं. बेल्ट एक बोट खाली घेतला, ब्राचा इलास्टिक पूर्ण त्याच्या वर राहील असा, आणि कडेकडेनं व्हॅसलीन लावलं. फक्त कडेला लावायचं, इलेक्ट्रोडखाली तेलकट काही लागलं की संपर्कच तुटतो (खोबरेल तेल लावून बघितलं, दोन दिवस बेल्ट काही पकडतच नव्हता). घेताना बायकांनी साईजकडं नीट बघा, लहान साईजचा पट्टा वेगळा मिळतो, मी मोठा घेतला आणि तो आवळून आवळून लवकर ढिला झाला.

धावून आलं की बटणासारखा सेन्सर काढून ठेवायचा, नाहीतर ओल्या पट्ट्याला चिकटून तो चालूच राहतो आणि सेल संपतो. माझा पहिला सेल असाच सहा आठवड्यांत गेला, दुसरा मार्चपासनं अजून चालू आहे. सीआर २०३२ नावाचा गोल सेल, कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. पट्टा रोज साध्या पाण्यात खंगाळून सावलीत वाळवते, मीठ साठलं की वासही येतो आणि आकडेही बिघडतात.

मूळ गोष्ट म्हणजे ट्रेनिंग. सगळे सांगतात २२० वजा वय, म्हणजे माझी जास्तीत जास्त पल्स १७८ यायला पाहिजे. घाटात जोर लावून चढले त्या दिवशी बेल्टनं १८८ दाखवली आणि मला काहीही झालं नव्हतं. हा हिशोब सरासरीचा आहे, एकेका माणसाला दहा-बारानं सहज चुकतो. म्हणून मी आपली मोजणी वेगळी केली, रोजच्या हळू पळण्यात एकोणीसचा पाढा मोठ्यानं म्हणायचा, जिथं मधेच श्वास घ्यायला थांबावं लागलं तो आकडा बघायचा. माझा १४५-१४६ ला तुटायचा. मग आठवड्यातल्या चार दिवसांपैकी तीन दिवस १४५ च्या खाली. हे ऐकायला सोपं वाटतं, पण गोडोलीपासनं जरा चढ लागला की चालावं लागायचं, कॉलेजची पोरं बाजूनं जायची, ओळखीचे लोक गाडी थांबवून बरं वाटत नाही का म्हणून विचारायचे. किलोमीटरला नऊ मिनिटं लागत होती.

दीड महिना झाला तरी फरक पडेना. उलट साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ स्मारकाच्या पायऱ्या नुसत्या चढले तरी १५०, सकाळी उठायच्या आधी अंथरुणात ७८. आमचे हे म्हणाले एकदा रक्त तरी तपास. हिमोग्लोबिन ९.८ निघालं. बायकांना किमान १२ पाहिजे. रक्तात प्राणवायू वाहून न्यायलाच कमी असेल तर हृदय जास्त ठोके मारून भरपाई करतं, एवढं साधं गणित होतं आणि मी स्वतःला आळशी म्हणत होते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोळीच्या आधी-नंतर चहा बंद करायला सांगितला कारण चहानं लोह नीट शोषलं जात नाही, मे महिन्यात १२.२ आलं. सकाळची पल्स हळूहळू ६४ वर आली आणि जुलैत त्याच १४५ ला मी पावणेआठ मिनिटांत किलोमीटर काढायला लागले. यात ट्रेनिंग किती आणि गोळ्या किती ते मला वेगळं करून सांगता येणार नाही. पण धावणाऱ्या प्रत्येक बाईला माझं हात जोडून सांगणं आहे, बेल्ट नंतर घ्या, आधी हिमोग्लोबिन बघा. अजून एक, पाळीच्या आधीच्या आठवड्यात माझी सकाळची पल्स चार-पाचनं वर असते, त्या दिवसांत आकडा बघून निराश व्हायचं नाही हे मला तीन महिन्यांची वही लिहिल्यावर कळलं.

आता मनाचं. जूनमध्ये एक रविवारी यवतेश्वरपर्यंत जाऊन आले आणि संध्याकाळी मोबाईलवर पल्सची रेघ बघत बसले, तर समर्थ मंदिर सोडल्यावर, बोगद्याच्या अलीकडं जिथनं कासचा रस्ता फुटतो तिथं पोचायच्या आधीच रेघ वर गेलेली, १४४ वरनं १५७. स्पीड तोच, घाट अजून लागायचाच होता. म्हणलं बेल्ट सरकला असेल. पुढच्या दोन रविवारी तेच. मग एक दिवस तेवढा तुकडा मुद्दाम चालत गेले, नुसतं चालत, आणि तरी घाटाचं तोंड दिसल्यावर नऊ ठोक्यांनी वाढ. तेव्हा रस्त्यावर उभी राहून मला रडू आलं. ती भीती होती. दोन वर्षं मी म्हणत होते माझा दम कमी पडतो, आणि मी घाटाच्या पायथ्याला पोचायच्या आधीच घाबरून दम खर्च करत होते. हे मला कुणी तोंडानं सांगितलं असतं तर पटलं नसतं.

त्यावर जे केलं ते तसंच्या तसं लिहिते. एक, श्वास. घाटाच्या अलीकडं दोनशे मीटर तीन पावलांत श्वास घ्यायचा आणि पाच पावलांत सोडायचा, सोडायचा वेळ लांबवला की ठोके थोडे खाली येतात, बसून करून बघा, आकड्यावर दिसतं. दोन, घाटाचे तुकडे पाडले आणि प्रत्येकाला नाव दिलं, एक आईचं माहेर, एक शाळेचं मैदान, असं, म्हणजे डोक्यात ‘घाट’ एवढा मोठा शब्द यायलाच नको. तीन, ते वळण. जिथं बसले होते तिथं जायचंच मी टाळायचे, पळताना सुद्धा रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं जायचे. जुलैत लेकीला स्कूटीवर घेऊन गेले, घाटात भाजलेली कणसं घेतली आणि त्याच कठड्याजवळ उभं राहून खाल्ली, खाली सातारा, समोर अजिंक्यतारा, मधेच ढग येऊन सगळं झाकून टाकत होता, लेक म्हणाली आई इथंच ना? म्हणलं हो, इथंच. असं चार वेळा गेलो. ऑगस्टमध्ये त्या वळणाआधीची रेघ सरळ झाली होती, तो स्क्रीनशॉट मी जपून ठेवलाय.

बेल्टवर सगळं सोडून चालत नाही हे पण सांगायला पाहिजे. उतारावर पल्स कमी असते, १३०-१३५, म्हणून मला वाटलं आराम चाललाय आणि जुलैच्या सुरुवातीला घाट सुसाट उतरले. दुसऱ्या दिवशी मांड्या अशा धरल्या की शाळेचा जिना मागं तोंड करून उतरले. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो, त्यात बारीक इजा होते, आणि ती ठोक्यांत दिसत नाही. इलाज एवढाच की थोडं थोडं उतरायची सवय करायची, एकदा स्नायूंना मार बसला की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उतारानं तेवढं दुखत नाही. मग दर दुसऱ्या रविवारी ठरवून उतार केला, पावलं लहान, टाच आपटायची नाही. चढावर पण ठोके अर्धा-एक मिनिट मागनं वाढतात, आकडा १६० दाखवतो तोवर तुम्ही जास्त जोर लावून बसलेले असता, तिथं श्वासाचं ऐका. आणि उन्हाळ्यात त्याच स्पीडला तासाभरानं दहा-बारा ठोके वाढतात, त्याला घाबरू नका.

शाळेत मुलींना मी माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबरबद्दल नेहमी सांगते, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) फायनलला गेलेली आपल्या जिल्ह्याची मुलगी. यंदा एकीनं विचारलं, बाई तिला भीती वाटत नसेल का? मी म्हणलं, वाटत असणार, माझ्याकडं तर आता ती मोजायचं यंत्रच आहे. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात बेल्ट नेऊन दाखवला, फळ्यापाशी कविता म्हणायला उभं राहिलं की ठोके किती वाढतात ते सगळ्यांनी बघितलं, सगळ्यात धीट पोरीचे सगळ्यात जास्त वाढले होते.

रेसच्या दिवशी लाईनीत नुसती उभी असताना ११८. श्वास लांबवला, १०६ झाली. समर्थ मंदिरापर्यंत लोक सुटले होते, मी १५० धरून राहिले. घाटाच्या तोंडाशी १५१. चढावर १६५ च्या वर गेलं की वीस पावलं चालायचं ठरलं होतं, तसंच केलं, सहा-सात वेळा चाललं असेल. त्या वळणावर १६३ होती, आकडा बघितला, कठडा पण बघितला, आणि पुढं गेले. वर धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नव्हतं, पावसानं बेल्ट सरकून उतारावर आकडेच बंद पडले, पण उताराला त्याचं काम नव्हतं. २ तास ४९ मिनिटं. मांड्या धरल्या नाहीत. सोमवारी शाळेत जाऊन मागच्या वर्षी ताप नव्हता हे स्टाफरूममध्ये सांगून टाकलं.

किंमत ४,२०० पडली. कंपनीच्या मदत केंद्रानं माझ्या दोन ईमेलना उत्तर दिलं नाही, ही नाराजी आहे. ज्यांना छातीत दुखतं, धडधडतं त्यांनी बेल्टवर भरवसा न ठेवता सरळ डॉक्टरांकडं जावं, हा आजार शोधायचा बेल्ट नाही. पळायला नुकतीच सुरुवात केलेल्यांना लगेच गरज नाही, पाढा म्हणा, पुरेसं आहे. माझा पट्टा आता ढिला झालाय, सेन्सर ठणठणीत आहे, म्हणून नुसता पट्टा मागवलाय ८५० ला, यावेळी लहान साईजचा.