मुंबईच्या बीकेसीतलं (वांद्रे-कुर्ला संकुल) बॅग ठेवायचं दुकान : अमेरिकेच्या व्हिसाले जाणाऱ्यायनं वाचा (4 स्टार)

सुनेचं बाळंतपण हाय अमेरिकेत, म्हणून मी अन् सौ दोघंही व्हिसाच्या इंटरव्ह्यूले गेलतो. व्हिसासाठी बोटाचे ठसे आदल्या खेपेले देऊन झालते. आमी दारव्ह्याकडले, बडनेऱ्यावरून विदर्भ एक्सप्रेस धरली अन् बॅगासकट डायरेक्ट बीकेसी. तिथल्या अमेरिकन कॉन्सुलेटमधी (वकिलातीचं ऑफिस) मोबाईल, बॅग, स्मार्टवॉच काहीच चालत नाई, अन् ठेवाले त्यायच्याकडं सोय नाई. मंग दोघंही आत जाणार तं सामान कोनाजवळ द्याचं?

जवळच एका गाळ्यात हे दुकान हाय. पाटीवर नाव नाई, नुसतं 'बॅग, मोबाईल, फोटो, डीएस-160 प्रिंट' (हा व्हिसाचा फॉर्म) लिवलं हाय. दोन बॅगा अन् दोन मोबाईलचे 400 घेतले, बिल्ला देल्ला, बॅगेवर तोच नंबर चिकटवला. महाग वाटलं पण रिक्षावाल्याजवळ ठेवण्यापेक्षा बरं. 2025 मधी तो रिक्षावाला व्हायरल झाला होता ना, लोकायच्या बॅगा सांभाळून महिन्याले 5 ते 8 लाख कमावते म्हणे, मंग पोलिसायनं ते बंदच केलं. सौचा फोटो चष्म्यातला होता, तो चालत नाई, 2 बाय 2 इंचाचा पांढऱ्या बॅकग्राउंडचा लागते, दुकानातल्या पोट्ट्यानं तिथंच काढून देल्ला. चष्मा काढा म्हणून त्यानंच आधी सांगितलं, आमाले कोन सांगनार होतं.

गर्दी नव्हती तं मालकासंग गोष्टी झाल्या. त्याच्या काकाचा हाच धंदा आधी दक्षिण मुंबईत ब्रीच कँडीले होता. तिथं कॉन्सुलेट वांकानेरच्या महाराजाच्या बंगल्यात होतं, त्याले लिंकन हाऊस म्हणत, अन् व्हिसाची लाईन भर रस्त्याच्या फुटपाथावर. 2011 ले कॉन्सुलेट बीकेसीत आलं तसा काकाही मागं मागं आला. तो बंगला सीरम इन्स्टिट्यूटवाल्या पूनावालायनं 2015 मधी 750 कोटीले घ्याचं ठरवलं, पण व्यवहार वर्षानुवर्षं अडकूनच राह्यला.

जागा काहून बदलली तं 1998 ले नैरोबी अन् दार-ए-सलामच्या अमेरिकन वकिलातीवर बॉम्बहल्ले झाले, त्याच्यानंतर 1999 ले अमेरिकेनं कायदाच केला का वकिलातीची नवीन इमारत कंपाउंडच्या भिंतीपासून 100 फूट आत पायजे. एवढी मोकळी जागा जुन्या वस्तीत कुठून येणार बावा. लंडनच्या अमेरिकन वकिलातीचंही तेच, मेफेअरमधला ग्रोव्हनर स्क्वेअर सोडून 2018 ले नदीपल्याड नाईन एल्म्सले गेले, गोदामायचा भाग होता तो, आता टॉवरच टॉवर.

म्हणजे इमारत जेवढी मांगं सरकते तेवढा तिचा बाहेरचा पसारा लोकायनं सांभाळाचा. आपल्या तहसीलसमोर कसे अर्जनवीस, स्टॅम्पवाला, झेरॉक्स अन् चहाची टपरी आपोआप उगवते, तसंच हाय हे, फरक एवढाच का इथं एसी हाय. दिल्लीच्या चाणक्यपुरीत मात्र असं काई दिसत नाई. तो भाग 1950 च्या दशकातच वकिलातींसाठी आखला, शांतिपथ एवढा रुंद का चालताच थकते, झाडं लय, पण साधी टपरी पायजे तं शोधत बसा. दिसाले सुंदर हाय, पण मले बीकेसीचा हा गोंधळ जास्त माणसाळलेला वाटला.

एक स्टार काहून कापला तं बसाले एकच स्टूल, अन् त्याच्यावर मालक. सौचे गुडघे दुखतात, ती पायरीवरच बसली. बाथरूमही नाई, मेट्रो स्टेशनवरच उरकून या. 500 ची नोट काढली तं सुट्टे नाईत म्हणून पोट्टा बाजूच्या दुकानात पळाला, तवर आमची वेळ झालती, म्हणून चिल्लर घेऊनच जा. आजकाल सीएसएमटीवरून ॲक्वा लाईन मेट्रो थेट बीकेसीले येते, रिक्षाची गरज नाई. अन् बाहेर आल्यावर सगळे विचारतात, झालं का, तं पासपोर्ट त्यायनं ठेवून घेतला तं समजा झालं. आमचा ठेवून घेतला.