फुले योजनेत आप्पांची अँजिओप्लास्टी : कार्ड चाललं, पण दुसऱ्या दारात

सेवा : महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना, म्हणजे राज्य सरकारची मोफत उपचारांची योजना. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन.

माझं माहेर सुरगाणा तालुक्यात, सासर म्हसरूळला. मे महिन्यात आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, छातीत दुखलं. ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढला आणि सांगितलं, नाशिकला न्या. १०८ आली, घाटातून अडीच तास. मी गेटवर पिवळं रेशनकार्ड आणि आधार घेऊन उभी.

पहिल्या खासगी रुग्णालयाच्या दारावर योजनेचा बोर्ड होता. आत काउंटरवर उत्तर मिळालं, "योजनेचे बेड फुल आहेत. कॅशमध्ये करणार असाल तर लगेच घेतो." म्हणजे बेड होता, योजनेचा नव्हता. भांडायला वेळ नव्हता, भावाने बाहेरून रिक्षा आणली.

दुसरीकडे आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस, जागेवर होता. पोरगा विशीतला, पण कामाला पक्का. रात्रीची वेळ म्हणून त्याने फोनवरूनच मंजुरीचं बघितलं, कागद सकाळी. एक स्टेंट, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसला. औषधं, जेवण, जनरल वॉर्ड, घरी जाताना १० दिवसांच्या गोळ्या, आमच्या खिशातून एक रुपया नाही. साडेतीन तारे याचेच.

दीड का कापला ते सांगते. वॉर्डात एका ज्युनिअर डॉक्टरला मी पहिल्या रुग्णालयाचा किस्सा सांगितला, तर तो म्हणाला, "ताई, एका ऑपरेशनला ठरलेला एकच आकडा. त्यातच स्टेंट, औषधं, जेवण, सगळं. तेही पैसे उशिरा येतात. मग मॅनेजमेंट म्हणतं, महिन्याला इतकेच पेशंट घ्या." मला त्या काउंटरवालीचा राग अजून आहे, पण हिशेब कळला. नाशिक शहरात कॅशवाल्या पेशंटवर हा तोटा भरून निघतो. सुरगाण्यात कॅशवाला आणायचा कुठून? त्या दरात तिथे कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करायची खोली, टाकायला कोण येईल?

आणखी एक गंमत. केंद्राच्या आयुष्मान योजनेत आकांक्षित, म्हणजे मागास म्हणून निवडलेल्या, जिल्ह्यांतल्या रुग्णालयांना दर १० टक्के वाढवून द्यायची तरतूद आहे. नंदुरबार त्या यादीत आहे, नाशिक नाही. बरोबरच, कॉलेज रोड आणि गंगापूर रोड बघून नाशिकला मागास कोण म्हणेल? पण सुरगाणा, पेठ याच जिल्ह्यात येतात. जिल्हा श्रीमंत निघाला की पाडा पण श्रीमंत, असा हा हिशेब.

जुलै २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डालाही योजना लागू झाली, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. आमचं सासरचं कार्ड पांढरंच, त्यामुळे तक्रार नाही. फक्त रांग वाढली आणि बेड तेवढेच, हे डोळ्यांनी पाहिलं.

जाणाऱ्यांसाठी : आधी आरोग्यमित्राला गाठा, काउंटरला नंतर. कोणी पैसे मागितले तर तिथेच उभं राहून १५५३८८ लावा. आणि सुट्टी मिळताना घरी जायचं एसटीचं भाडं मागा, ते त्या ठरलेल्या आकड्यातच, पॅकेजमध्येच असतं. आम्ही मागितलं तेव्हा बिलिंगवाला आधी माझ्याकडे बघतच राहिला, मग दोन सह्या घेऊन दिलं.

येण्याचं भाडं मात्र आपलं. आप्पांची पुढची तपासणी २३ तारखेला आहे, पहाटेच्या गाडीने निघतील.