चावीचा किचन टायमर: ‘हे करू की ते करू’ यात अडकणाऱ्यांसाठी कितपत कामाचा?

अंडी उकडताना लावतात तो साठ मिनिटांचा चावीचा टायमर. नागपुरात इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानांत बघा, नाहीतर ऑनलाइन साधारण २०० ते ४०० रुपयांत येतो. रंग समोर असेल तो घ्या. टायमर निवडण्यातच आठवडा गेला तर काय उपयोग! दुकानातच वाजवून मात्र पाहा. चावी थेट ५ वर नेली तर स्प्रिंगला पुरता पीळ बसत नाही आणि घंटी अर्धवट वाजते, कधी वाजतच नाही. आधी ५५ च्या पुढे फिरवायची, मग मागे ५ वर आणायची.

चिंतेचा त्रास असलेल्या माणसाला पर्याय कळत नाहीत असं नसतं. थोडीही अनिश्चितता त्याला धोक्यासारखी वाटते, म्हणून तो ‘अजून थोडी माहिती काढू’ म्हणत राहतो. टायमर त्या माहिती काढण्याला कुंपण घालतो. त्याचं काम एवढंच, पण ते तो चोख करतो.

लोकमान्य नगरहून बर्डीला (सीताबर्डीला) मेट्रोनं जायचं की गाडीनं, यासारख्या चुकलं तरी निभावणाऱ्या गोष्टींना ५ मिनिटं पुरेत. पैसे गुंतणार असतील तर २०. एप्रिलमधल्या कूलरचंच उदाहरण घ्या. चावी फिरवण्याआधी वहीत तीनच अटी लिहायच्या: खिडकीचं माप, बजेट, रात्रभर पुरेल एवढी टाकी. लोखंडी बॉडी की प्लास्टिक, गवताच्या ताट्या की हनीकॉम्ब, हे अटींत घुसवायचं नाही, नाहीतर वीस पर्याय होतात. तिन्ही अटींत बसणारा पहिला कूलर घ्यायचा, पुढचे पाहायचे नाहीत. ‘सर्वोत्तम’ शोधण्यापेक्षा ‘पुरेसं चांगलं’ सापडलं की थांबायचं, हा विचार अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९५६ मध्ये मांडला होता. चिंतेच्या माणसाला तो फार सोयीचा पडतो. आणि घंटी वाजेपर्यंत ठरलंच नाही तर कोणता पर्याय, हेही आधीच लिहून ठेवायचं.

नोकरी, लग्न, ऑपरेशन यांना टायमर लावू नका. पुण्याची नोकरी की इथल्याच मिहान औद्योगिक प्रकल्पातली, हे वीस मिनिटांत ठरत नसतं. कंपनीला कोणते प्रश्न विचारायचे याची यादी मात्र वीस मिनिटांत होते.

गाडं अडतं ते घंटीनंतर. ठरलेलं असतं, तरी वहिनीला फोन, मग मित्राला, मग यूट्यूबवरचे रिव्ह्यू. कुणी ‘बरोबर आहे’ म्हटलं की घटकाभर हायसं वाटतं, आणि त्या हायशापायीच पुढच्या वेळी पुन्हा विचारावंसं वाटतं. म्हणून ठरल्यावर २४ तास विषय बंद. खरंच नवी माहिती आली तरच उघडायचा. वहीत भीती लिहा: ‘कूलर हॉलला पुरणार नाही.’ आठ दिवसांनी त्याखाली प्रत्यक्ष काय झालं ते लिहा. टायमरपेक्षा ही वहीच जास्त काम करते, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरी खोड म्हणजे घंटी वाजताच चावी पुन्हा फिरवणं. मुदतवाढ एकदाच, तीही निम्मी.

टिकटिक हा या टायमरचा खरा दोष. पॅनिकचा त्रास असेल तर त्या आवाजानंच छाती धडधडायला लागू शकते. अशांनी मागे चुंबक असलेला डिजिटल घ्यावा. तो गोदरेजच्या कपाटाला चिकटतो आणि गप्प चालतो. वाळूचं घड्याळ शांत असतं, पण संपल्याचं सांगत नाही. फोनचा टायमर सर्वांत वाईट, कारण तो लावायला हातात घेतला की मेसेज दिसतात आणि रिव्ह्यूचं दुकान पुन्हा उघडतं.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, आंघोळ कधी करायची हेही ठरेनासं झालं असेल आणि असे आठवडे जात असतील, तर हे टायमरच्या आवाक्यातलं नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येतं. नाहीतर सरळ मेडिकलची (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय रुग्णालयाची) मानसोपचार ओपीडी गाठा. जाताना ती वही सोबत न्या. कोणत्या निर्णयाला किती वेळ गेला आणि त्यानंतर किती जणांना विचारलं, हे डॉक्टरांना त्यातून लगेच दिसतं.