ज्युजित्सू: सोसायटीतला क्लास की स्टेशनजवळची अकादमी?

ठाण्यात घोडबंदर रोडवाल्यांना ज्युजित्सूचा (पकडींचा, कुस्तीसारखा खेळ) क्लबहाउसमधला क्लास सोयीचा, पोरं लिफ्टने खाली उतरली की झालं. पण सात वर्षांची मुलगी आणि चौदाचा दांडगट एकाच मॅटवर! नौपाड्याकडच्या अकादमीत मुलांची बॅच वेगळी, त्याच वेळी शेजारी आईबाबांची. शिवाय पट्ट्यांची घाई नाही. ब्राझिलियन ज्युजित्सूत निळा पट्टा 16 वर्षांआधी मिळत नाही. तोवर पांढरा, करडा, पिवळा, केशरी, हिरवा. दर तीन महिन्यांनी परीक्षा फी उकळून पट्टे वाटणाऱ्यांपासून जरा जपूनच. ट्रायलला गेलात तर एवढंच बघा: मुलाने टॅप करताच, म्हणजे हार मानून हाताने थोपटताच, समोरचा पकड सोडतो का, आणि सरांचं लक्ष तिकडे आहे की मोबाइलमध्ये. माझं मत अकादमीला. फक्त पावसाळ्यात माजिवड्याला ट्रॅफिकमध्ये अडकायची तयारी ठेवा.