हेड्रियनच्या भिंतीशेजारी स्वस्तात मुक्काम: द सिल, ग्रीनहेडचं चॅपल की शेतावरचं बंकहाउस?

लंडन किंवा एडिनबरामध्ये हॉस्टेल शोधताना आपण पलंगाचं भाडं बघतो आणि ठरवतो. ते तिथे चालतं, कारण बाहेर पडलं की दहा पावलांवर खाणं आणि रात्री बारापर्यंत बस असते. नॉर्थम्बरलंडमध्ये हा हिशोब साफ चुकतो. संध्याकाळी सहा वाजले की इथे दोनच प्रश्न उरतात: जेवायचं काय, आणि परत यायचं कसं? या दोन प्रश्नांची उत्तरं ज्या मुक्कामापाशी असतील, तोच स्वस्त. पाच पौंड वाचवायला लांबचा पलंग घेतला आणि मग टॅक्सीला वीस पौंड मोजले, असं माझ्या ओळखीत एकदा नाही, तीनदा झालंय.

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. न्यूकॅसल आणि कार्लाइल यांच्यामध्ये इंग्लंड अरुंद होतं. तिथे इ.स. 122 मध्ये सम्राट हेड्रियनच्या हुकुमावरून रोमन सैन्याने पूर्व-पश्चिम भिंत बांधायला घेतली. लांबी सुमारे 117 किलोमीटर. आज तिचा सगळ्यात देखणा तुकडा हाउसस्टेड्सपासून वॉलटाउनपर्यंतचा, कारण तिथे ती व्हिन सिल नावाच्या काळ्या कातळाच्या कड्यावरून जाते. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे दृश्य परकं वाटत नाही. कडा सरळ तुटलेला, त्याच्या ओठावर तटबंदी आणि खाली वाऱ्याने हलणारं गवत. पाषाणही तसाच, तप्त शिलारसातून घडलेला. फरक एवढाच की आपला लाव्हा वर येऊन पसरला आणि हा जमिनीच्या पोटातच थिजला. उत्तरेला लागूनच नॉर्थम्बरलंड नॅशनल पार्क. इंग्लंडच्या राष्ट्रीय उद्यानांमध्ये सगळ्यात कमी वस्ती याच उद्यानात, जेमतेम दोन हजार माणसं. तेव्हा इथल्या शांततेची किंमत गैरसोयीत मोजावी लागते, हे आधीच मान्य करून निघा.

पहिला पर्याय द सिल. वन्स ब्रूड नावाच्या ठिकाणी, 2017 मध्ये उघडलेली इमारत. एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचं माहिती केंद्र, दुसऱ्या बाजूला वायएचएचं, म्हणजे यूथ हॉस्टेल्स असोसिएशनचं हॉस्टेल. 1930 मध्ये सुरू झालेली ही संस्था. सुरुवातीच्या काळात एका शिलिंगात रात्र काढता यायची, पण येताना पायी किंवा सायकलवर यायचं आणि सकाळी झाडलोटीचं काम करून निघायचं. आता झाडलोट नाही. फक्त आपल्या पलंगावर चादर आपणच घालायची. ती धुतलेली, घडी केलेली मिळते. टॉवेल मात्र घरून न्या. वयाची अट नाही. ‘यूथ’ या शब्दाने आपल्याकडची मंडळी उगाच बिचकतात. माझ्या वडिलांनी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी तिथल्या खोलीत तीन रात्री काढल्या आणि चौथीही काढली असती.

द सिलची खरी ताकद तिच्या जागेत आहे. दारातून निघालं की चढाने पंधरा-वीस मिनिटांत स्टील रिग, तिथून भिंतीच्या कडेकडेने पूर्वेला चालत हाउसस्टेड्सच्या रोमन किल्ल्यापर्यंत साडेपाच किलोमीटरच्या आसपास. वाटेत सिकॅमोर गॅप लागतं. दोन टेकड्यांच्या खोबणीतलं ते एकटं झाड सप्टेंबर 2023 मध्ये रात्री कुणीतरी करवतीने कापलं, तेव्हा इथली माणसं घरातलं माणूस गेल्यासारखी हळहळली होती. बुंध्याला पुन्हा कोंब फुटलेत आणि खोडाचा मोठा तुकडा आता द सिलमध्येच ठेवलाय. दक्षिणेला चालत गेलं तर व्हिंडोलांडा हा रोमन किल्ला, जिथे 1973 पासून चिखलातून लाकडी पातळ पाट्यांवरची रोमन पत्रं निघाली. त्यातल्या एका पत्रात कुणीतरी आपल्या माणसाला मोजे आणि चड्ड्या पाठवल्याची नोंद आहे. दिवसभर भिजून आल्यावर हॉस्टेलच्या ड्रायिंग रूममध्ये स्वतःचे मोजे वाळत घालताना मला ते पत्र आठवतं. ही ड्रायिंग रूम, म्हणजे कपडे वाळवायची गरम खोली, या हवेत पलंगाइतकीच महत्त्वाची आहे. हॉस्टेल निवडताना ती आहे ना, हे जरूर विचारा. साध्या हॉटेलात ती सहसा नसते.

जेवणाचं म्हणाल तर द सिलमध्ये स्वतःचं शिजवायला स्वयंपाकघर आहे, आणि अगदी जवळ ट्वाइस ब्रूड नावाचा पब आहे. या दोन नावांची गोष्ट गमतीची आहे. 1934 मध्ये इथे पहिलं हॉस्टेल उघडताना पाहुण्या आलेल्या लेडी ट्रेव्हेल्यन दारूबंदीच्या कट्टर पुरस्कर्त्या. शेजारच्या पबचं नाव ट्वाइस ब्रूड, तेव्हा हॉस्टेलचा चहा तरी एकदाच उकळलेला असो, अशा अर्थाचं त्या बोलल्या आणि वन्स ब्रूड हे नाव पडलं, असं सांगतात.

उणं काय? शाळांच्या सहली येतात तेव्हा कॉरिडॉरमध्ये गलका असतो. सुट्ट्यांत आणि शनिवारी भाव चढतात. दोघं असाल तर दोन डॉर्म-पलंगांची बेरीज आणि एका छोट्या खासगी खोलीचं भाडं यांत पुष्कळदा फारसा फरक राहत नाही. दोन्ही आकडे समोर ठेवूनच बुकिंग करा. आणि ज्याला ‘जुन्या वास्तूत राहिलो’ हा अनुभव हवाय, त्याला ही नवी, काचेची, नीटनेटकी इमारत थोडी कोरडी वाटेल.

त्याच्यासाठी ग्रीनहेड. हे भिंतीच्या पश्चिम अंगाचं छोटं गाव. इथलं हॉस्टेल एका जुन्या मेथडिस्ट चॅपलमध्ये आहे. एके काळी तेही वायएचएचंच होतं, आता समोरच्या हॉटेलसोबत चालतं. रस्ता ओलांडला की जेवण, म्हणजे माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सुटलं. दुसऱ्या प्रश्नाचंही सुटतं, आणि त्यासाठीच मी एकट्या प्रवाशाला ग्रीनहेड सुचवते. न्यूकॅसल-कार्लाइल धावणारी 685 नंबरची बस या गावातून जाते. ती काही फक्त पर्यटकांच्या हंगामापुरती नाही, इथल्या रहिवाशांची रोजची बस आहे. द सिलसमोरून जाणारी बस वेगळी, तिचा नंबरच एडी 122, भिंतीच्या वर्षावरून. मोठी सोयीची, पण मुख्यतः उन्हाळ्याची. ती गाठता आली नाही तर द सिलहून आठ-एक किलोमीटरवरच्या हॉल्टव्हिसल स्टेशनला पोचायचं कसं, हा प्रश्न उभा राहतो. टॅक्सी इथे उभी नसते, आदल्या दिवशी फोन करून ठरवावी लागते.

ग्रीनहेडहून चालायला दोन दिशा मिळतात. पूर्वेला थर्लवॉलचा पडका किल्ला, जो बांधताना भिंतीचेच दगड पळवले, मग रोमन सैन्याचं संग्रहालय आणि वॉलटाउनचे कडे. पश्चिमेला गिल्सलंडवरून बर्डोस्वाल्डचा किल्ला, आणि तिथे भिंतीचा लांबलचक अखंड भाग. गर्दी द सिलच्या बाजूपेक्षा कमी. पेनाइन वे ही 1965 ची जुनी लांब पल्ल्याची पायवाटही गावाजवळूनच जाते, त्यामुळे हॉस्टेलात भेटणारी माणसं बहुतेक चालणारी असतात. लवकर झोपतात, लवकर उठतात, पायाच्या फोडांवर मनापासून चर्चा करतात. मला ही सोबत आवडते. खाजगी बाथरूम, शांत खोली, पाहुण्यांसाठी बैठक असं सगळं हवं असेल तर मात्र द सिलच बरं.

तिसरा प्रकार शेतावरचं बंकहाउस. भिंतीला समांतर जाणारा मिलिटरी रोड आहे, 1745 च्या बंडानंतर तोफा नेण्यासाठी बांधलेला. त्याच्या आजूबाजूच्या शेतांवर अशी बंकहाउसं आहेत. जुना गोठा किंवा कोठार दुरुस्त करून आत दोन मजली पलंग, एक स्वयंपाकघर, एक न्हाणीघर. माणशी भाडं सगळ्यात कमी असतं, आणि सहा-आठ जणांनी अख्खं घेतलं तर आणखी कमी पडतं. गडावरच्या देवळात पथाऱ्या टाकून रात्र काढलेल्यांना हा मुक्काम लगेच मानवेल. बाहेर मेंढ्या, आत चुलीभोवतीच्या गप्पा.

पण बंकहाउसला जाताना काय न्यायचं, हे न समजल्याने लोक हाल करून घेतात. आमचंही झालं. पाच जणी रविवारी संध्याकाळी पोचलो, अंथरूण तिथे मिळेल असं गृहीत धरून. मिळणार नव्हतं. बुकिंगच्या ईमेलमध्ये तसं लिहिलंही होतं, आम्हीच नीट वाचलं नव्हतं. उशी-पांघरूण नाही आणि जवळचं गावातलं दुकान बंद झालेलं. त्या रात्री आम्ही जॅकेटं पांघरून झोपलो आणि जेवायला चार केळी आणि एक शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाकीट होतं. म्हणून सांगते: स्लीपिंग बॅग, उशीचा अभ्रा, टॉवेल, डोक्याला लावायची टॉर्च, आणि दोन वेळचा शिधा हॉल्टव्हिसल किंवा हेक्सहॅममधूनच घेऊन निघा. दिवस मावळल्यावर पबपर्यंत मिलिटरी रोडने चालत जायचा बेत करू नका. रस्त्याला पदपथ नाही आणि सरळ रेषेतला असल्याने गाड्या वेगात येतात. थोडक्यात, एक गाडी असलेल्या गटाला बंकहाउससारखं सुख नाही. बसने येणाऱ्या एकट्या माणसाला ते जड जातं.

स्वयंपाकघराबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण आपल्या लोकांसाठी हॉस्टेल आणि स्वस्त हॉटेल यांतला खरा फरक तिथेच आहे. पबमध्ये एका माणसाच्या साध्या जेवणाला आज सहज 15 ते 20 पौंड होतात, आणि शाकाहारी माणसाच्या वाट्याला तेच दोन पदार्थ रोज येतात. चौघांच्या तीन रात्रींचा हिशोब मांडा, म्हणजे खोलीच्या भाड्यातली घासाघीस किती फोल आहे ते दिसेल. हॉस्टेलात भांडी, सुऱ्या, ताटं, फ्रिज असतो. तुम्ही मूगडाळ-तांदूळ, हळद-तिखट, छोट्या बाटलीत तूप आणि मेतकूट नेलंत की झालं. कुकर नसतो, त्यामुळे डाळ दुपारीच भिजत घाला. आणि फोडणी मंद आचेवर, पंखा चालू करून, शक्यतो झाकण ठेवून करा. मोहरी-मिरचीच्या धुराने अलार्म वाजला तर सगळी इमारत पावसात बाहेर उभी राहते, त्यात लहान मुलं आणि दमलेली म्हातारी माणसंही असतात. फ्रिजमधल्या पिशवीवर नाव आणि जायची तारीख लिहा, ओटा पुसून ठेवा. मी खिचडी करत असताना शेजारच्या शेगडीवर बीन्स गरम करणाऱ्या आजोबांना एक वाटी दिली होती. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला भिंतीवरच्या कॉफील्ड्सची अशी वाट दाखवली जी मी एकटीने शोधली नसती.

चौथा पर्याय काही जण विचारतात: न्यूकॅसलमध्ये स्वस्त पलंग घ्यायचा आणि दिवसा येऊन-जाऊन भिंत बघायची. एकच दिवस असेल तर ठीक. इंग्लंडमध्ये बहुतेक बसना एकेरी भाड्याची 3 पौंडांची मर्यादा 2025 पासून आहे, त्यामुळे खर्चही फार नाही. पण जून महिन्यात इथे सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमाराला मावळतो. दिवसाचे पाहुणे पाच वाजता निघून गेल्यावर कड्यावर तिरपं ऊन पडतं, भिंतीची सावली लांब होते आणि आसपास फक्त चंडोलांचा आवाज असतो. रेल्वे गाठायच्या घाईत ते हातचं जातं.

तारे बघायला यायचं असेल तर जून सोडा, तेव्हा रात्र नीट काळी होतच नाही. 2013 पासून हा भाग आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’ आहे, पण त्यासाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी. डिसेंबरात पावणेचारला अंधार पडू लागतो, बसफेऱ्या कमी होतात आणि काही हॉस्टेलं फक्त गटांनाच दिली जातात. अशा वेळी गाडी नसेल तर मी सरळ हॉल्टव्हिसल गावात, स्टेशनपासून चालत जाता येईल अशी खोली घेईन, थोडी महाग पडली तरी.

जुनी गाइडबुकं आणि मित्रांनी पाठवलेल्या याद्या जपून वापरा. वायएचएने 2023 मध्ये आपली 20 हॉस्टेलं विकायला काढली. देशभरात काही बंद झाली, काही दुसऱ्यांनी चालवायला घेतली. तेव्हा नाव ओळखीचं आहे म्हणून गृहीत धरू नका, त्या तारखेला एकेकटा पलंग मिळतोय का ते पाहा.

आई-बाबा भारतातून आलेत, गुडघे कुरकुरतात: द सिलमध्ये स्वतःची बाथरूम असलेली खोली, खालच्या पलंगांची खात्री करून, मे किंवा सप्टेंबरात, आठवड्याच्या मधल्या दिवशी. लहान मुलं बरोबर असली तरी हेच. विद्यार्थी असाल, एकट्याने निघाला असाल, पाठीवर एकच सॅक असेल: ग्रीनहेड. सहा मैत्रिणी आणि एक गाडी: बंकहाउस, डाळ-तांदळासकट. आणि चार दिवस हाताशी असतील तर दोन रात्री ग्रीनहेडला काढा, सॅक उचला, कड्यावरून दिवसभर पूर्वेकडे चालत या आणि उरलेल्या दोन रात्री द सिलला. मधलं अंतर साधारण बारा किलोमीटर आहे, चढउतार पुष्कळ. वाटेत विनशील्ड्सचा माथा लागतो, 345 मीटर, भिंतीवरची सगळ्यात उंच जागा. तिथे वारा फार असतो. टोपीला बंद असू द्या.