मालवणातला इंग्रजी शब्दांचा क्लास: चार तारे, एक कापला

फाडफाड इंग्रजी बोलायला शिकायचं असेल तर इथे जाऊ नका. भरडाजवळ एका निवृत्त शिक्षिकेच्या माडीवर संध्याकाळी हा क्लास भरतो, फी महिना 800 रुपये. बाई एका वेळी एकच कल्पना घेतात आणि तिच्याभोवतीचे शब्द सोलत बसतात. पावसाळ्यात स्कूबा बंद, तारकर्लीतला आमचा होमस्टेही रिकामा, म्हणून मी नाव घातलं.

'भित्रेपणा'चा पाठ मला सगळ्यात उपयोगी पडला. आमच्याकडची पोरं बोटीवर कचरणाऱ्या पाहुण्याला खुशाल 'कॉवर्ड' म्हणतात आणि शिव्या माझ्या रिव्ह्यूमध्ये पडतात. बाई म्हणाल्या, "अगो, पाण्याला बिचकतो तो टिमिड. तो त्याचा स्वभाव. कॉवर्ड म्हटलंस की त्याच्यावर ठपका ठेवलास." हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आलेला, मूळ लॅटिनमधल्या 'शेपटी'त. म्हणजे शेपूट घालणारे तिकडेही आहेतच!

'क्रेव्हन' त्याहून लागट. मध्ययुगीन इंग्लंडात न्यायनिवाड्यासाठी द्वंद्व व्हायचं, त्यात हा शब्द उच्चारला की हार कबूल. माझ्या मते हा निवडणुकीनंतर पक्ष बदलणाऱ्यांसाठी राखून ठेवावा. 'पुसिलॅनिमस' म्हणजे इवल्याशा काळजाचा, पण तो उच्चारेपर्यंत पाहुणा बुडी मारून वर येईल. 'डॅस्टर्डली'त आता भित्रेपणापेक्षा नीचपणा जास्त. आपले पेपर 'भ्याड हल्ला' छापतात तिथे इंग्रजी पेपरात हा भेटतो. 'चिकन' दोस्तांच्या चेष्टेतलं. आमच्याकडे ते वड्यांबरोबरच बरं.

बाई रंगल्या त्या पांढऱ्या पिसावर. शेपटीत पांढरं पीस असलेला कोंबडा झुंजीला कुचकामी, अशी इंग्रजांची समजूत. 1914 मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा ब्रिटनमध्ये बायका गणवेशात नसलेल्या पुरुषांच्या हाती भित्रेपणाची खूण म्हणून अशी पिसं ठेवू लागल्या. रजेवर घरी आलेल्या सैनिकांनाही ती मिळाली! हे ऐकताना वर्गातले दोघे मच्छीमार फार चिडले.

एक तारा का कापला? झेरॉक्स इतक्या फिक्या की अर्धे शब्द अंदाजाने वाचायचे, आणि उच्चारांचा सराव जवळजवळ नाहीच. वीज गेली की क्लास सुटला, पैसे परत नाहीत.

आमच्या पोरांना मी आता 'नर्व्हस' एवढाच शब्द वापरायला सांगितलाय. गाडी दुचाकीच न्या, चारचाकीला जागा नाही.